ब्रेकवाला

तालुक्याच्या गावात आता पतसंस्थांपेक्षा रिमिक्स करणारी पोरं जास्त झाली आहेत, आणि बुडण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच आहे. या पोरांचे प्रकार असतात. एक बेसवाला. समोरच्या घराच्या खिडकीची काच थरथरली नाही तर आपण गाणं केलंच नाही असं त्याला वाटतं. दुसरा हलगीवाला. तो कशाच्याही खाली हलगी घालतो. अंगाई दिलीत तर अंगाईखालीही घालेल आणि वर विचारेल, "पोरगं नाचलं का?" तिसरा नाववाला. याचं गाणं तीन मिनिटांचं आणि त्यात दर वीस सेकंदांनी घुमवलेल्या आवाजात स्वतःचंच नाव, पुढे 'इन द मिक्स'. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गेलेल्या माणसापेक्षा कार्यकर्त्यांचे फोटो मोठे असतात, त्याच परंपरेतला हा कलावंत.

या तिघांचं बरं चाललेलं असतं. चौथा मात्र क्वचितच बघायला मिळतो. तो ब्रेकवाला. असा एक आमच्या शेजारी राहतो.

ब्रेक म्हणजे, गाणं ऐन भरात असताना कुणीतरी फिरत्या तबकडीवर तळहात ठेवावा, तसं त्याचं मंदावत मंदावत थांबणं. चाल ढिली पडते, सूर घसरतो, गाणाऱ्या बाईचा बुवा होतो, बुवाचा रेडा होतो, आणि तो रेडा वेद म्हणायच्या आत सगळं गप्प. मग एक-दोन ठोके निव्वळ शांतता. आणि त्या शांततेतून धाडकन पुढचा ताल. तो जो धाडकन येतो त्याला ही मंडळी 'ड्रॉप' म्हणतात, आणि सगळं जग त्या ड्रॉपवर नाचतं. आमच्या ब्रेकवाल्याला ड्रॉपशी कर्तव्य नाही. "ड्रॉप काय, कुणीबी टाकतंय, काका," तो म्हणतो. "थांबवून दाखवा म्हणावं."

गाण्यात मिनिटाला १३० ठोके असतील तर चार ठोक्यांना १.८५ सेकंद लागतात. एवढ्यात त्याचा ब्रेक आटोपतो. या १.८५ सेकंदांवर त्याने आपली उमेदीची वर्षं लावली आहेत. उरलेली तीन मिनिटं तो दुसऱ्या कुणाची तरी एफएलपी, म्हणजे आयती मांडलेली फाईल, आणून भागवतो. विहिरीचं बांधकाम बाहेरून करून घ्यायचं आणि कठड्यावरचं नक्षीकाम तेवढं स्वतः करायचं, असा त्याचा हिशेब.

वय पंचविशीच्या आसपास. गळ्यात हेडफोन, तो फक्त आंघोळीला आणि गणपतीच्या आरतीला उतरतो. माडीवरच्या खोलीत त्याचा स्टुडिओ आहे. चारी भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले आहेत. घर माळकरी असल्यामुळे ते ट्रे माडीवर चढवताना आईने डोळे मिटून घेतले होते, असं तो सांगतो. अंड्यांच्या ट्रेने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. थांबत असता तर मला हे लिहिता आलं नसतं.

त्याचं हत्यार एफएल स्टुडिओ. बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ साली हे काढलं तेव्हा त्याचं नाव फ्रूटीलूप्स होतं, ते २००३ मध्ये बदललं. नाव बदललं नसतं तर बापाला 'पोरगं ज्यूस सेंटर टाकतंय' असं सांगून दोन वर्षं तरी काढता आली असती, असं मला उगीच वाटतं.

सुरुवातीला त्याने सरळ मार्ग धरला होता. ब्रेकच्या जागी गाण्याचा टेम्पोच उतरवत शून्याकडे न्यायचा. तसं केलं. गाणं मंदावलं खरं, पण सूर जागचा हलेना. झोपेची गोळी घेऊनही रियाज न सोडणाऱ्या गायिकेचा तो प्रकार झाला. कारण असं की हल्लीची सॉफ्टवेअरं भलती सुसंस्कृत आहेत. वेग बदलला तरी सूर ढळू नये म्हणून ती आवाजाचे बारीक तुकडे करून ताणतात. तबकडीला ही सभ्यता ठाऊक नव्हती. तिथे वेग आणि सूर एकाच दोरीला बांधलेले. वेग निम्मा झाला की सूर बरोबर एक सप्तक खाली. ४५ फेऱ्यांची तबकडी ३३ वर लावली तर सूर पेटीच्या जवळपास पाच पट्ट्या उतरतो. काळी चारमध्ये गाणारी बाई काळी दोनमध्ये जाऊन बसते. हे सगळं मला त्याने जिन्यात उभं राहून सांगितलं. माझ्या हातात दूध होतं. ते नासलं नाही, पण त्या बेताला आलं होतं.

मग त्याला 'रीसॅम्पल' सापडलं. ते निवडलं की ताणाताणी बंद आणि वेगाबरोबर सूरही उतरतो. त्या रात्री त्याने पहिला खरा ब्रेक केला. पण त्यातही गोम निघाली. गाणाऱ्या बाईच्या आवाजाला त्याने आधीच मोठ्या सभागृहाचा घुमारा लावलेला होता आणि तो ब्रेकच्या पुढच्या टप्प्यावर बसवलेला होता. त्यामुळे बाई खाली घसरत वारली, तरी तिचा घुमारा वरच्या पट्टीत गातच राहिला. आधी घुमारा, मग ब्रेक, हा क्रम कळायला त्याला बराच काळ गेला. दरम्यान खालच्या मजल्यावरच्या आम्हा लोकांना वर कोणीतरी मरून मागे राहिल्याचा भास रोज होत होता.

पुढे त्याच्या हाती 'ग्रॉस बीट' आलं. हे एफएलचंच प्लगइन. त्याच्या पडद्यावर काळाची एक रेघ असते. नुकतंच वाजून गेलेलं गाणं ते लक्षात धरून ठेवतं, आणि तुम्ही रेघ खाली वाकवली की गाणं तेवढं मागे रेंगाळत वाजतं. रेघेला जसा बाक द्याल तसा ब्रेक. छत्तीस वेगवेगळे बाक त्यात साठवून ठेवता येतात. यातली मेख त्याने एका रविवारी वडिलांना समजावली. "अण्णा, यात मागं पडता येतंय, पुढं जाता येत नाही. जे वाजलंच नाही ते कुठनं आणणार?"

अण्णा पेपर वाचत होते. "दहावीपासनं तेच चाललंय की," ते म्हणाले. "त्यात नवीन काय?"

"पण आधी मागं पडलेलं असलं तर नंतर पळत येऊन गाठता येतंय," त्याने आशेने जोडलं. थांबलेली तबकडी वेग घेत सुरू होण्याचा परिणाम याच युक्तीने साधतात. अण्णांनी पान उलटलं.

दुसऱ्या सॉफ्टवेअरांविषयी त्याची मतं कडक आहेत. ॲपलच्या लॉजिकमध्ये तुकड्याच्या शेवटी फेड लावताना यादीतून 'स्लो डाउन' निवडलं की ब्रेक तयार. प्रो टूल्समध्ये 'व्हॅरी-फाय' नावाचं आयतं प्लगइनच आहे. एबलटनमध्ये 'री-पिच' लावून टेम्पो उतरवला की झालं. शिवाय टेप स्टॉपची फुकट प्लगइन मिळतात ती वेगळीच. हे सगळं त्याला पाठ आहे आणि यातलं काहीही तो वापरत नाही. "एक बटण दाबून थांबलेलं गाणं आणि थांबवलेलं गाणं, फरक असतोय, काका." मला तो फरक ऐकू आलेला नाही. पण घराण्याचा अभिमान हा ऐकू येण्यावर अवलंबून नसतो, हे मी मैफिलींत बसून शिकलो आहे.

त्याचं आराध्यदैवत म्हणजे टेक्निक्सचं एसएल-१२०० टर्नटेबल. लॅपटॉप उघडला की आधी त्याचं दर्शन. हे यंत्र १९७२ चं, आणि डीजे लोकांनी डोक्यावर घेतलेली त्याची एमके-२ आवृत्ती १९७९ ची. यात पट्टा नाही. मोटर थेट तबकडीच्या थाळीखाली. बटण दाबल्यापासून ०.७ सेकंदात थाळी पुऱ्या वेगाने फिरायला लागते. आणि याला थांबवायच्या दोन तऱ्हा आहेत. स्टॉपचं बटण दाबलं तर मोटरच थाळीला आवरते, गाणं चटकन थांबतं. पण बटणाला हात न लावता यंत्राची वीजच बंद केली, तर थाळी आपल्या वजनाच्या जोरावर फिरत राहते आणि गाणं सावकाश, मोठ्या दिमाखात खाली उतरतं. जगातल्या डीजेंनी ही दुसरी तऱ्हा हौसेने वापरली. २०१० साली कंपनीने हे यंत्र बनवणं थांबवलं. तेव्हा आमचा डीजे चौथीत होता. तरी त्या सालाचा उल्लेख करताना तो आवाज खाली आणतो. २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू झालं हे सांगताना वर नेतो. प्रत्यक्षात त्याने हे यंत्र एकदाही पाहिलेलं नाही. पंढरपूरला न जाताही माणूस वारकरी असू शकतो, तसं.

यंत्र नाही म्हणून अभ्यास अडत नाही. गावात जे जे फिरतं आणि थांबतं ते त्याचं गुरू. मिक्सर बंद केला की चटकन थांबतो, म्हणून मिक्सर त्याच्या मते 'कोरडा'. छताचा पंखा फार वेळ रेंगाळतो, म्हणून 'आळशी'. सगळ्यात सुंदर थांबते ती पिठाची गिरणी. संध्याकाळी गिरणी बंद व्हायच्या वेळेला हा दाराशी जाऊन उभा राहायचा, डोळे मिटून, फोन पुढे धरून. पट्टा सैलावत जातो, घरघर जाड होत जाते आणि जात्याचा शेवटचा वेढा अर्ध्यावर सुटतो. गिरणीवाल्याचा समज असा झाला की पोरगं उधारीचे पैसे द्यायला येतं आणि लाजून परत जातं. महिनाअखेरीला त्याने घरी निरोप धाडला, "लाजू नका म्हणावं, एकशे चाळीस झालेत."

खरी तबकडी त्याला भेटली ती गल्लीच्या टोकाला, निवृत्त हेडमास्तरांच्या घरी. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन आहे, वडिलांच्या वेळचा, पेटीवाला. हा फोन आणि छोटा माइक घेऊन गेला. मीही गेलो, कारण गुरुजींकडे चहा चांगला मिळतो. गुरुजींनी पेटीचं झाकण उघडलं, पिन बदलली, दांडा घालून चावी दिली, मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी नाट्यपदाची तबकडी लावली आणि हात मांडीवर ठेवून बसले. पद सुरू झालं. स्प्रिंगमध्ये जोर असेतो आतला गव्हर्नर वेग एकसारखा ठेवतो; जोर सरला की मात्र गाणं बसायला लागतं. त्या बसण्यासाठीच तर हा आला होता. माइक पुढे करून, श्वास रोखून तयार.

पद शेवटच्या आलापाला आलं, सूर केसभर ढळला, आणि गुरुजींचा हात आपोआप उठून दांड्यावर गेला. गर्रगर्र चावी. सूर पुन्हा ताठ.

"गुरुजी, चावी देऊ नका ना."

"बरं," गुरुजी म्हणाले. दुसरी बाजू लागली. पुन्हा तोच क्षण, पुन्हा तोच हात. गुरुजींचा इलाज नव्हता. लहानपणी वडिलांनी त्यांना या पेटीशेजारी बसवलं होतं ते एकाच कामावर: गाणं बसायच्या आत चावी द्यायची, बसलं तर पाहुण्यांसमोर शोभा. ते बोलत असले, पानाला चुना लावत असले, तरी कान त्या केसभर ढळण्यावर असायचा आणि हात त्याआधीच दांड्यावर. आणि आता हा मुलगा म्हणत होता की ते ढळणंच आम्हाला पाहिजे.

तिसऱ्या खेपेला त्याने गुरुजींचा हात हलकेच धरला आणि भान विसरून ओरडला, "आता मरू द्या, गुरुजी! मरू द्या!"

सूनबाई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

रेकॉर्डिंगमध्ये ते लाटण्यासकटचं सगळं आलं आहे. गाणं बसल्याचा नेमका क्षण मात्र सूनबाईंच्या आवाजाखाली दबला.

माझ्या पिढीला या नादाचं विशेष वाटत नाही. आम्हाला हा परिणाम सरकारकडून फुकट मिळत असे. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवा. टेपरेकॉर्डरवर गाणं चालू आहे, वीज जाते, पण मोटरवरचं चाक लगेच थांबत नाही. कॅसेट आपली ओढत ओढत 'ऊंऽऽ' करून बसते. सेल उतरले की तेच, फक्त अर्धा तास पुरणारं. गायिका सकाळी गायिका असायची, दुपारपर्यंत तिचा गायक व्हायचा. आम्ही सेल काढून उन्हात ठेवायचो. आता तसं काही उरलं नाही. फिरणारं, वजनदार असं काही आत नाहीच, तर थांबताना घसरणार काय? जनरेटर बंद पडला की डॉल्बी एका क्षणात गप्प होतो, आणि लॅपटॉप आपल्या बॅटरीवर ऐटीत गात राहतो, कुणालाच ऐकू न येता. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुमच्या घरी रोज ब्रेक व्हायचा? आणि तुम्ही वैतागायचा?"

"मेणबत्ती शोधायचो."

"काय राव, काका," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून माझ्याविषयीचा त्याचा आदर थोडा कमी झाला.

आता अण्णांविषयी. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी घाटातल्या गाड्यांवर काढून निवृत्त झाले. म्हणजे एकाच घरात ब्रेकची दोन घराणी नांदत होती, आणि त्यांचं एकमेकांशी पटणं शक्य नव्हतं. पोराचा ब्रेक सगळ्या गावाला कळला पाहिजे. अण्णांचा सिद्धांत उलटा: ब्रेक लावला हे कुणालाही कळता कामा नये. "मधल्या वाटेत कंडक्टर उभा आहे, हातावर सुटे पैसे मोजतोय. गाडी थांबली पाहिजे आणि त्याच्या हातावरचं नाणं हललं नाही पाहिजे. त्याला ब्रेक म्हणायचं. तुझा हा काय? पॅसेंजर उलथून पाडायचा धंदा." जेवताना हा वाद व्हायचा, तो भिंतीपलीकडून मी ऐकत असे. ब्रेकपुरता आवाज दोघेही मोठा ठेवत.

एकदा मात्र वेगळं घडलं. पोरगं कित्येक दिवस एका ब्रेकशी झटत होतं. गणिताने सगळं बरोबर, कानाला मात्र काहीतरी टोचत होतं. उन्हाळ्याचे दिवस, अण्णा माडीवर वाऱ्याला येऊन टेकले होते. तोच १.८५ सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत होता. बऱ्याच वेळाने अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "शेवटाला हिसका बसतोय."

"कुठं?"

"पार थांबायच्या टायमाला. पहिल्यापासनं पाय एकसारखा दाबून ठेवलायस तू. गाडी थांबणार म्हणलं की पाय जरा वर घ्यायचा. नाहीतर म्हातारी माणसं पुढच्या बाकड्यावर आपटतात."

पोराने पडद्याकडे बघितलं. आणि अण्णांनी, ज्यांना लॅपटॉप बंद कसा करतात हेही माहीत नाही, नेमकं बोट ठेवलं होतं. त्याने वेग सरळ रेषेत उतरवलेला होता. आता हिशेब बघा. वेग सरळ रेषेत उतरवला तर निम्म्या वेळात तो निम्मा होतो, म्हणजे सूर एक सप्तक खाली. उरलेल्या वेळाच्या निम्म्यात आणखी एक सप्तक. त्याच्या निम्म्यात आणखी एक. सुरुवातीला गाणं रमतगमत उतरतं आणि सगळी घसरण शेवटच्या टोकाला येऊन साचते. कानाला तिथे दणका बसतो. त्याने रेघेला बाक दिला: सुरुवातीला पाय जोरात, मग हळूहळू सैल, अगदी शेवटी नुसता टेकलेला. शेपटाला आवाजही किंचित उतरवला. वाजवलं.

"हां," अण्णा म्हणाले. "आता उभा माणूस पडत नाही." आणि कूस बदलून झोपले.

त्या बाकाला त्याने ग्रॉस बीटमध्ये 'अण्णा' या नावाने जागा दिली आहे. वडिलांना हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते दुसऱ्याही बाकांकडे लक्ष घालतील अशी त्याला भीती वाटते.

तर या 'अण्णा' ब्रेकचा पहिला जाहीर प्रयोग गणपतीत झाला, एका मंडळाच्या सातव्या दिवसाच्या विसर्जन मिरवणुकीत. आमच्याकडे 'डॉल्बी' म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. अमेरिकेतल्या डॉल्बी नावाच्या गृहस्थांनी आयुष्य घालवलं ते टेपमधली खरखर कमी करण्यात, हा विनोद काळाने केलेला आहे, माझा नाही. मिरवणुकीसाठी म्हणून पोराने मोठा ब्रेक बांधला होता: आठ ठोके उतरण, आठ ठोके शांतता, मग ड्रॉप. सगळं मिळून साडेसात सेकंदही भरत नाहीत. खोलीत ते कधी संपतात कळतही नाही. मिरवणुकीत तेवढ्यात सरकार पडू शकतं.

तो ट्रॉलीजवळ थांबला नाही. लोकांचे चेहरे बघायचे म्हणून पुढे पानपट्टीच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. दहाला दहा-बारा मिनिटं कमी होती. दहानंतर वाजवायला कायद्याने बंदी. एक हवालदार घड्याळ आणि ट्रॉली यांच्यामध्ये नजर फिरवत उभा होता. गाणं टिपेला गेलं, गुलाल उडाला, आणि ब्रेक लागला. गाणारी बाई खाली, आणखी खाली, मग अलगद टेकली. कुणीही आपटलं नाही. मी खरंच सांगतो, सुंदर लागला होता.

पहिल्याच शांत ठोक्याला जनरेटरवाल्या मामांनी बिडी फेकली आणि ते ट्रॉलीच्या मागे पळाले. अध्यक्ष ओरडले, "वायर कुणी ओढली रे?" नाचणाऱ्यांपैकी निम्मे जागच्या जागी रस्त्यावर बसले, एकजण गुलालात हरवलेली चप्पल शोधायला वाकला. हवालदाराच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. वेळेआधी आपणहून बंद करणारं मंडळ त्याने नोकरीत पहिल्यांदाच बघितलं असावं. आणि डॉल्बीचा मालक, अनुभवी माणूस, 'पेनड्राइव्ह अडकलं' एवढं म्हणून त्याने ते उपटलं, शर्टला पुसलं, बाजूला ठेवलं आणि दुसरं खोचून गेल्या वर्षीचं गाणं लावलं.

ज्या ड्रॉपसाठी ती साडेसात सेकंदं होती, तो वाजलाच नाही.

पोरगं पानपट्टीवरून पळत आलं. पण भांडायला त्याने डॉल्बीमालक नाही, मामांना गाठलं. कलावंताला आपला खरा टीकाकार बरोबर ओळखू येतो. "मामा, लाइट गेली तर असं हळूहळू जातंय का कधी? जनरेटर बंद पडला तर खाटकन जातंय!"

"आमच्या टेपचं असंच जायचं," मामा डिझेलच्या टाकीचं झाकण लावत म्हणाले.

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण मामा त्याच्या ब्रेकची तारीफच करत होते, आणि हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दहा वाजता हवालदाराने हात वर केला. मालकाने गाणं ओळीच्या मध्यावर छाटलं. "बघा, काका," पोरगं माझ्या कानाशी म्हणालं, "कर्व्हच नाही."

मला वाटलं होतं, यानंतर तो बेसकडे वळेल, हलगीकडे तरी. तसं काही झालं नाही. फक्त धंद्यात थोडा व्यवहार आला. परवा हळदीच्या गाण्याचा एक पाहुणा आला होता, नवरदेवाचा मामा असावा. तिघे ओसरीवर बसले. पाहुण्याने फोनवर गाणं पूर्ण ऐकलं, मान डोलावली. "एक नंबर झालंय. फक्त मधी ते लाइट गेल्यागत होतंय बघा, तेवढं काढून टाका. बायका घाबरतात."

"ब्रेकसकट पाचशे," पोरगं म्हणालं.

"आणि काढला तर?"

"सातशे."

पाहुण्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काढायचं जास्त कसं काय?"

पोरगं काही बोललं नाही. खुर्चीतून अण्णांचा आवाज आला, "पाचशेतच घ्या, पाव्हणं. मी ऐकलाय. उभा माणूस पडत नाही."

पाहुण्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मुकाट्याने सातशे मोजले.